बंब, गीझर आणि धुराची वाट

परवा संध्याकाळी पुतण्याचा पुण्याहून फोन आला. नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेत दोघं. नवा म्हणजे त्यांच्यासाठी नवा, तसा वीसेक वर्षांचा जुना. घर कसं आहे, गच्ची कशी आहे, भाजीवाला कुठे बसतो, सगळं सांगून झालं आणि मग म्हणाला, "अगं काकू, आधीच्या मालकांनी बाथरूममधला गॅस गीझर तसाच ठेवलाय. नळ सोडला की दोन मिनिटांत कढत पाणी! तुमच्या सोलरसारखी ढग जायची वाट बघायला नको."

मी विचारलं, "खिडकी आहे का रे बाथरूमला?"

"आहे ना. पण बंदच असते. समोर दुसरी बिल्डिंग आहे."

"मग तो गीझर आजपासून बंद."

तो हसला. "काकू, तू पण ना! अजून बाईंसारखीच बोलतेस."

हसला त्याचं वाईट वाटलं नाही. त्याला ठाऊकच नाही त्यात त्याचा काय दोष? आम्हीच त्याला सांगितलेलं नाही. तो तेव्हा आठ वर्षांचा होता आणि "आईला चक्कर आली होती" एवढ्यावर आम्ही सगळ्यांनी विषय मिटवला होता. फोन ठेवल्यावर मी माझ्या धाकट्या जाऊबाईंशी बोलले आणि त्यांच्या परवानगीने आज हे लिहिते आहे. पण मी पडले इतिहासाची शिक्षिका. एखादी गोष्ट सांगायची तर मला तिच्या पणजोबांपासून सुरुवात करावी लागते. तेव्हा थोडं सोसा.

मी १९७४ साली लग्न होऊन वाईला आले तेव्हा आमच्या वाड्यात बंब होता. तांब्याचा, माझ्या कमरेएवढा उंच, तीन पायांवर उभा. आजच्या मुलांनी बंब पाहिलाच असला तर एखाद्या हॉटेलात शोभेला ठेवलेला, म्हणून सांगते. बाहेर मोठं पिंप आणि त्याच्या पोटातून खालपासून वरपर्यंत गेलेली एक नळी. नळीच्या तळाला जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. नळीत विस्तव आणि नळीभोवती पाणी. विस्तवाची ऊब चारी बाजूंनी पाण्यालाच मिळते, त्यामुळे चुलीवरच्या हंड्यापेक्षा कितीतरी कमी लाकडात काम होतं. रशियातला समोवर आणि आपला बंब ही एकाच कल्पनेची भावंडं. एक चहाला बसलं, दुसरं आंघोळीला.

बंबाला लागणारी बारीक फोडलेली लाकडं म्हणजे बंबफोड. वखारीत 'बंबफोड द्या' म्हटलं की वेगळं काही सांगावं लागत नसे. शिवाय गोवऱ्या, करवंट्या, कणसांची बुरकुंडं, चिपाडं, आणि मुलांच्या जुन्या वह्या. नापास झालेल्याला 'वह्या बंबात घाल आता' असं म्हणण्याची आमच्याकडे पद्धत होती, आणि कुणावर फार चिडलं तर 'जाऊ दे तिकडे बंबात' हेही.

बंबाचे आजार ठरलेले होते आणि सासूबाई त्याच्या वैद्य. पेटत नसेल तर जाळी राखेने बुजलेली असायची. खालून सळई घालून खळखळवली की झालं. धूर उलटा येत असेल तर नळीच्या आत काजळी साचलेली. काथ्याचा बोळा काठीला बांधून वरून खाली फिरवायचा. आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे पाणी नळीच्या खाली जाऊ देणं. पाणी संपलं आणि विस्तव तसाच राहिला की सांध्यांचा डाख वितळतो आणि बंब गळायला लागतो. म्हणून नियम असा की जो एक बादली गरम काढेल त्याने एक बादली गार ओतायची. हा नियम मोडणारे बहुतेक पुरुष असत, आणि बोलणी खाणाऱ्या बहुतेक आम्ही. असो.

आता शब्दाची गंमत. 'बंब' हा शब्द मूळचा आपला नाही. पोर्तुगीज भाषेत 'बोंबा' म्हणजे पंप. आग विझवणाऱ्या पंपाला आपण आगीचा बंब म्हणतो तो त्यातूनच आला, आणि मग पाणी तापवणाऱ्या या पिंपालाही तेच नाव चिकटलं. म्हणजे एक बंब आग विझवतो आणि दुसऱ्याच्या पोटात आग असते! न्हाणीतली बादलीही पोर्तुगीज, घमेलंही पोर्तुगीज. आमच्या वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर जी प्रचंड घंटा टांगलेली आहे ती १७३९ च्या वसईच्या मोहिमेतून आली म्हणून आपण मुलांना सहलीला नेऊन दाखवतो. पोर्तुगीजांकडून आलेली घंटा पाहायला आम्ही बसने जायचो, आणि पोर्तुगीजांकडून आलेला शब्द रोज पहाटे आमच्याच मोरीत धगधगत असायचा, हे मात्र मी शिकवायला लागल्यावर कित्येक वर्षांनी ध्यानात आलं.

बंब घडवणारे तांबट. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईपासूनची. आमचा बंबही तिथलाच. ठोक्यांचे बारीक बारीक खळगे अंगभर. चिंच आणि राख लावून घासला की उन्हात डोळे दिपायचे.

पण बंबाच्या आधी काय? वाईसारख्या गावात बहुतेकांची आंघोळ कृष्णेवर, बारा महिने गार पाण्याने. घाट बांधले ते काही नुसते देवदर्शनासाठी नव्हेत. घरात गरम पाणी म्हणजे बाळंतीण, तान्हं मूल, आजारी माणूस आणि सणावारी अभ्यंग. त्यासाठी परसात चुलाण आणि त्यावर हंडा. तापलं की घंगाळात ओतायचं.

श्रीमंतांची गोष्ट निराळी. हमाम म्हटलं की आमच्या पिढीला साबण आठवतो, पण खरा हमाम म्हणजे मोगली स्नानगृह. दिल्लीच्या लाल किल्ल्यात आहे, आग्र्याला आहे, आणि आपल्या सीमेला लागून बऱ्हाणपूरला आहे. आम्ही एकदा शाळेची सहल घेऊन बऱ्हाणपूरला गेलो होतो. मुली छतावरची रंगीत चित्रं बघत होत्या. या हमामांच्या रचनेत एक गोष्ट कायम सापडते: आग भिंतीपलीकडे. सेवक पलीकडच्या बाजूने लाकडं सारायचे, पाणी तिकडेच तापायचं आणि भिंतीतल्या खापरी नळांतून आत यायचं. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनीही हेच केलं होतं. त्यांच्या स्नानगृहांची जमीन विटांच्या ठेंगण्या खांबांवर उचललेली असे. भट्टी बाहेर. तिची गरम हवा जमिनीखालून फिरायची आणि भिंतींत बसवलेल्या पोकळ विटांमधून वर निघून जायची. अख्खं घर ऊबदार ठेवायच्या पद्धतीचं हे एक जुनं रूप. रोमन माणूस विस्तवाच्या जवळ होता, पण विस्तवाच्या हवेत नव्हता.

साहेबांनी इकडे येऊन काय केलं? १८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरला वस्ती उभी केली. आमच्या पसरणीच्या घाटाने वर गेलं की पाचगणी आणि पुढे ते. तिथल्या जुन्या बंगल्यांत शेकोट्या आहेत, पण प्रत्येक शेकोटीवर छपरातून बाहेर गेलेलं धुरांडं आहे. आणि अशा बंगल्यांच्या न्हाणीघराला बहुधा दोन दारं असत, एक झोपायच्या खोलीत उघडणारं आणि एक थेट बाहेर. बाहेरच्या दाराने नोकराने गरम पाण्याचे डबे आणून ओतायचे. इथेही आग बाहेरच.

मग आग न्हाणीघरात आणली कुणी? एक आपण, बंबाने. आणि दुसरा लंडनचा बेंजामिन वॉडी मॉन. हा पेशाने रंगारी. १८६८ साली त्याने असं यंत्र केलं की खाली गॅसची ज्योत, वरून गार पाणी, आणि नळातून लगेच गरम पाणी. आइसलंडमध्ये 'गेसिर' नावाचा उकळत्या पाण्याचा प्रसिद्ध झरा आहे, त्यावरून त्याने नाव दिलं 'गीझर'. आपल्या कोकणात अशा गरम झऱ्यांना लोक उन्हाळे म्हणतात. राजापूरला आहे, पालीजवळ उन्हेऱ्याला, दापोली तालुक्यात उन्हवऱ्याला आहे. म्हणजे मॉनसाहेब कोकणस्थ असते तर आज आपण बाथरूममध्ये 'उन्हाळा चालू कर' म्हणालो असतो!

मॉनच्या गीझरला एक उणीव होती. धुरांडं नव्हतं. जळलेला गॅस जायचा तो आंघोळ करणाऱ्या माणसाच्याच खोलीत. पुढे १८८९ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला एडविन रूड नावाच्या मूळच्या नॉर्वेच्या इंजिनिअरने टाकीचा, आपोआप चालू-बंद होणारा हीटर केला, आणि हळूहळू धुरांड्याशिवाय असली यंत्रं घरात लावायची नाहीत हे तिकडे पक्कं होत गेलं.

आता माझा प्रश्न असा की धुरांडं तर आमच्या बंबालाही नव्हतं. मग सासूबाई, त्यांच्या सासूबाई, सगळ्या पहाटे चारला उठून त्याच्यासमोर बसत होत्या, त्यांना काही झालं कसं नाही? डोळे चुरचुरायचे, खोकला यायचा, ते झालंच. पण कुणी कोसळून पडल्याचं ऐकिवात नाही. उत्तर मला बंबात नाही, आमच्या जुन्या न्हाणीघरात सापडलं. त्याला वर कौलं होती. कौलांच्या फटींतून धूर झिरपत राही. परसातून बघितलं तर अख्खं छप्पर वाफाळल्यासारखं दिसे. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा. दाराच्या फळ्यांतून बोट जाईल एवढ्या चिरा, आणि खाली मोरीचं भोक थेट परसात. थंडीत आम्ही त्या फटींना इतक्या शिव्या घातल्या आहेत! ते घर फुटकं होतं आणि त्या फुटकेपणावर आम्ही जगत होतो.

१९८८ मध्ये आम्ही मागची बाजू पाडून स्लॅबचं बाथरूम बांधलं. गुळगुळीत फरशा, घट्ट बसणारं दार, काचेची एक खिडकी. बंब अंगणात गेला आणि आत विजेची कॉइल आली. विजेचं बिल आणि लोडशेडिंग या दोघांनी मिळून आम्हाला छळलं. मग गॅस. मुंबईत बर्माशेलने घरगुती गॅस आणला तो १९५५ च्या सुमारास. इंडेन १९६५ मध्ये कलकत्त्यात सुरू झाला. पण आमच्यासारख्या गावात सिलिंडरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं बसावं लागे. ती रांग संपली, दुसरा सिलिंडर सहज मिळायला लागला, तसे गावोगाव गॅस गीझर आले. आमच्याकडे २००७ च्या दसऱ्याला आला. बसवणाऱ्याने विचारलं, "कुठे लावू?" आम्ही म्हटलं, "बाथरूममध्ये, अजून कुठे?" त्यानेही काही न बोलता तिथेच लावला. सिलिंडरसुद्धा आतच.

तीन आठवडे आम्ही त्याचं कौतुक केलं.

नोव्हेंबरात दिवाळी आली. घरात दहा माणसं. नरकचतुर्दशीची पहाट, बाहेर गारठा, म्हणून खिडकी बंद. तेल-उटणं लावून एकेक जण आत जात होता. दार उघडतंय, लगेच बंद होतंय, गीझर जवळजवळ थांबतच नव्हता. आधी मुलं, मग पुरुष, मग सासूबाई, मग मी. सगळ्यात शेवटी धाकट्या जाऊबाई. घरातली शेवटची आंघोळ नेहमीच त्यांची. बंबाच्या काळात शेवटचीच्या वाट्याला कोमट पाणी येई, हे मी स्वतः त्यांच्या आधी दहा वर्षं भोगलं होतं. गीझरमुळे आता शेवटच्या माणसालाही कढत पाणी मिळतं म्हणून मीच त्यांना हसत म्हटलं होतं, "सुटलीस बाई तू!"

तांब्या पडल्याचा आवाज आला. आम्ही फराळाची पानं मांडत होतो, कुणी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळाने पुतण्याच म्हणाला, "आई अजून का येत नाही? पाणी किती वेळ चालू आहे!" हाका मारल्या, ओ नाही. भावजींनी दाराला दोन धक्के दिले. कडीचे स्क्रू आधीच ढिले झाले होते आणि ती बसवायची म्हणून हे दिवाळीआधी दहादा म्हणाले होते. बसवली नव्हती म्हणून दार उघडलं.

त्या फरशीवर पडलेल्या. ओसरीवर आणून निजवलं, वारा घातला, पाच-सात मिनिटांनी डोळे उघडले. डोकं भयंकर दुखत होतं, उलटी झाली, आणि आज काय आहे हे त्यांना सांगता येईना. डॉक्टर आले. म्हणाले, उपाशीपोटी कढत पाण्याने आंघोळ, ब्लडप्रेशर उतरलं असणार; लिंबू-सरबत द्या. आम्हाला पटलं. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं हे खरंच होतं. गीझरची शंका ह्यांना आली होती, पण सगळे म्हणाले, गॅस गळला असता तर वास आला नसता का? वास कुणालाच आला नव्हता. दोन दिवसांनी मेकॅनिक आला, दार सताड उघडं ठेवून दोन मिनिटं गीझर चालवला, म्हणाला, "एकदम ओके आहे."

आणि आम्ही तो पुढे आणखी नऊ दिवस वापरला. हे लिहिताना आजही हात थांबतो.

शंका मला आली ती वर्गात. दहावीच्या विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या, त्यांचा तास मी सांभाळत होते. एक मुलगी ज्वलनाचा धडा मोठ्याने वाचत होती. पूर्ण ज्वलन, अपुरं ज्वलन. हवा पुरेशी मिळाली तर निळी ज्योत आणि कार्बन डायऑक्साइड. नाही मिळाली तर पिवळी ज्योत, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. घरी आले ती चप्पल न काढता बाथरूममध्ये गेले. गीझरच्या वर भिंतीवर बोट फिरवलं. काळं झालं.

रात्री पेन्सिल-कागद घेऊन बसले. बाथरूम पाच बाय सात फूट, उंची आठ. म्हणजे २८० घनफूट, साधारण आठ घनमीटर हवा. गीझर मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवतो असं धरलं तर मिनिटाला सोळा-सतरा ग्रॅम गॅस जळणार. एक ग्रॅम गॅस नीट जळायला त्याच्या पंधरापट वजनाची हवा लागते. म्हणजे मिनिटाला दोनशे लिटर हवा हवी. दहा जणांची आंघोळ, प्रत्येकी पाचच मिनिटं नळ चालू धरला, तरी दहा घनमीटर. खोलीत होती त्याहून जास्त! मधेमधे दार उघडत होतं म्हणून थोडी भर पडत गेली एवढंच. प्रत्येक माणूस आधीच्यापेक्षा वाईट हवेत जात होता, आणि रांगेत शेवटी कोण हे आमच्या घराने कधीच ठरवून ठेवलेलं होतं.

वासाचं कोडंही सुटलं. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य घातलेलं असतं ते गळती कळावी म्हणून. इथे गळती नव्हतीच. गॅस जळत होता, त्याच्याबरोबर वासही जळत होता. मागे राहत होता तो बिनवासाचा. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जास्त ओढीने त्याला धरून ठेवतं. फ्रान्सच्या क्लॉड बर्नार्डने १८५० च्या दशकात रक्तावरचा त्याचा हा परिणाम दाखवला, आणि १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन हाल्डेनने खाणकामगारांसाठी त्याचा पाठपुरावा केला. खाणीत पिंजऱ्यातला पक्षी न्यावा ही त्याचीच सूचना. पक्षी आधी पडतो, माणूस सावध होतो.

पुढे वाचत गेले तेव्हा एमिल झोलाची हकीकत भेटली. एवढा मोठा फ्रेंच कादंबरीकार, २९ सप्टेंबर १९०२ ला पॅरिसच्या घरात झोपेतून उठताना गेला. खोलीतल्या शेकोटीचं धुरांडं धूर ओढत नव्हतं. बायको वाचली. चौकशीत तीच शेकोटी पुन्हा पेटवून खोलीत गिनीपिग ठेवून पाहिले, तर ते सकाळी ठणठणीत! मला आमचा मेकॅनिक आठवला. हा विषारी वायू परीक्षेच्या वेळी गैरहजर राहतो, शाळेतल्या काही मुलांसारखा.

दुसऱ्या दिवशी गीझर आणि सिलिंडर दोन्ही बाहेर परसात हलवले. भिंतीला भोक पाडून फक्त पाण्याचा पाइप आत घेतला. आग भिंतीपलीकडे, जशी बऱ्हाणपूरला होती. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते गंभीर झाले आणि म्हणाले, माझ्या डोक्यातच आलं नाही. भला माणूस. गेल्या काही वर्षांत आपल्या देशातल्या डॉक्टरांनीही गॅस गीझरमुळे बेशुद्ध पडलेल्या, झटके आलेल्या रुग्णांबद्दल वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलं आहे. जाऊबाई बऱ्या झाल्या, पण त्या दिवाळीचं त्यांना आजही काही आठवत नाही. फोटोत आपण आहोत म्हणून मान्य करतात.

२०१० मध्ये गच्चीवर सोलर बसवला. त्याचाही इतिहास आपण समजतो त्यापेक्षा जुना आहे. बाल्टिमोरच्या क्लॅरन्स केम्पने १८९१ मध्ये काळ्या रंगाच्या टाक्या काचेच्या पेटीत ठेवून पेटंट घेतलं. पण रात्री पाणी गार व्हायचं. १९०९ मध्ये विल्यम बेलीने तापणारे नळ खाली आणि जाड आवरणाची टाकी वर, अशी फोड केली. गरम पाणी हलकं म्हणून आपोआप वर चढतं, गार खाली उतरतं. पंप लागत नाही. आमच्या गच्चीवर काचेच्या नळ्या आहेत, पण तत्त्व तेच.

सोलरने मला एकदाच दगा दिला. उन्हाळ्यात पाणीटंचाईत वरची टाकी रिकामी झाली. पुन्हा भरल्यावर गरम नळाला नुसती फुसफुस. प्लंबर म्हणाला, नळ्या गेल्या, बदलाव्या लागतील. मी म्हटलं, थांबा जरा. कारण आदल्याच वर्षी थंडीत मी मुलीकडे इंग्लंडला, लेस्टरला होते. तिथे घरोघरी भिंतीला पातळ लोखंडी पंखे टेकवल्यासारखे रेडिएटर असतात आणि बॉयलरचं गरम पाणी त्यांतून फिरतं. मुलीच्या बैठकीतला रेडिएटर खाली गरम आणि वर गार. जावयांनी छोटी किल्ली आणून वरच्या कोपऱ्यातला स्क्रू किंचित फिरवला, फुस्स करून हवा गेली, मग पाण्याचा थेंब आला की बंद. मग बॉयलरवरच्या काट्यात दाब बघितला, उतरला होता तो थोडं पाणी सोडून एकच्या वर आणला. झालं, अर्ध्या तासात वरपर्यंत गरम. वाईतही तेच दुखणं: पाइपात हवा अडकलेली. मिक्सरचं तोंड तळहाताने गच्च दाबून गार आणि गरम दोन्ही सोडले. गार पाणी उलटं गरम पाइपात शिरलं, हवा वरच्या मोकळ्या नळीतून निघून गेली. प्लंबर बघत राहिला. नळ्यांचे पैसे वाचले!

लेस्टरच्या त्या बॉयलरचं मला जास्त काय आवडलं सांगू? तो स्वयंपाकघरातच होता, पण त्याचा श्वास घरातला नव्हता. जाड नळी भिंतीतून बाहेर. हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो. भाड्याच्या घरात तर मालकाने दर वर्षी नोंदणी असलेल्या माणसाकडून गॅसच्या उपकरणांची तपासणी करून घेतलीच पाहिजे, असा तिथे कायदा आहे. आणि छताजवळ एक पांढरी डबी, मोनॉक्साइड वाढला की कर्कश ओरडणारी. हाल्डेनचा पक्षीच तो.

तर बाळा, हे सगळं तुझ्यासाठी. तू म्हणालास की आमच्याकडे कोविडपासून ऑक्सिमीटर आहे, काही वाटलं तर बोटाला लावू. त्याचा इथे उपयोग नाही. मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्या यंत्राला लालच दिसतं आणि ते अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव दाखवत राहतं. पंखा बसवतो म्हणालास, तेही पुरेसं नाही. बंद खोलीत हवा आत यायला वाट नसेल तर पंखा ओढणार काय? गीझर बाथरूमच्या बाहेर काढ. बाल्कनी आहे ना, तिथे उघड्यावर लाव आणि आत फक्त पाइप घे. नाही जमलं तर विजेचा घे, पैसे मी देते. दुसरं कुणी वाचत असेल आणि घरात असा गीझर असेल तर एवढं बघा: वर भिंतीवर काजळी आहे का, ज्योत पिवळी दिसते का, आणि आंघोळीनंतर कुणाचं डोकं जड होतं का. यांतलं काही नसलं तरी तो बंद खोलीत नकोच.

आपला बंब अजून आहे, गच्चीच्या जिन्याखाली. ढगाळ दिवाळीत सोलरचं पाणी पाचव्या माणसाला संपतं, तेव्हा तो अंगणात पेटवतो. गेली काही वर्षं पहिली आंघोळ तुझ्या आईची असते. त्या नको म्हणतात, मी ऐकत नाही.

रविवारी मिस्त्री येणार आहे म्हणालास. सोमवारी सकाळी फोन करते. गीझर कुठे लावला त्याचा फोटो पाठव, नुसतं 'हो काकू' चालणार नाही.